‘ती होडी जाडी होती’: प्रोग्रॅमिंग भाषा आणि अक्षराचा प्रश्न – पार्श्वभूमी

टर्बो सी या सॉफ्टवेअरमध्ये, सी भाषेत, पॅलिंड्रोमचा (उलटा वाचला तरी तोच राहणाऱ्या शब्दाचा) प्रोग्रॅम न लिहिता डिप्लोमा पूर्ण केलेला माणूस माझ्या पिढीत सापडणार नाही. रोमन लिपीतलं ‘नितिन’ टाकायचं, उलटं करायचं, मूळ शब्दाशी ताडायचं आणि ‘पॅलिंड्रोम आहे’ असं स्क्रीनवर छापायचं. जर्नलवर सही मिळायची. आमच्या लॅबमधल्या एका पीसीत भारतीय लिप्या दाखवणारं जिस्ट कार्ड बसवलेलं होतं, त्यामुळे त्यावर डॉस या विंडोजआधीच्या प्रणालीतही देवनागरी दिसायची. १९९३ साली त्या मशीनवर मी त्याच प्रोग्रॅमला ‘ती होडी जाडी होती’ हे वाक्य दिलं, मधल्या मोकळ्या जागा काढून. शाळेत सगळ्यांनी उलटसुलट वाचलेलं वाक्य. उत्तर आलं: पॅलिंड्रोम नाही.

आधी मी स्वतःच्या लूपमध्ये, म्हणजे एकेक चिन्ह घेऊन तीच कृती पुन्हा करणाऱ्या ओळींत, चूक शोधली. लूप बरोबर होता. मग उलटं झालेलं वाक्य छापून पाहिलं, तर पहिल्याच जागी नुसती वेलांटी लटकत होती, जिला टेकायला अक्षरच नव्हतं. ‘ती’ हे माझ्या लेखी एक अक्षर. सीच्या लेखी त आणि वेलांटी अशा दोन सुट्या वस्तू.

त्यानंतर फॉक्सप्रो, कोबोल, व्हिज्युअल बेसिक, जावा, पीएचपी, पायथन, गो आणि आता रस्ट असा प्रवास झाला. नवी भाषा हातात आली की पहिला प्रोग्रॅम ‘हॅलो वर्ल्ड’चा, तसा मीही लिहितो, पण त्याच्या पुढच्याच मिनिटाला तिला हे होडीचं वाक्य देतो. लांबी विचारतो, उलटं करायला सांगतो. कुठे उत्तर ४२ येतं, कुठे १४, कुठे ७. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. ते वेगळे का, हे शोधत गेलं की गेल्या चाळीसेक वर्षांतल्या भाषांच्या इतिहासाचा एक मोठा तुकडा हाती लागतो. मराठी मजकुरावर काम करणाऱ्याला तो इंग्रजीत काम करणाऱ्यापेक्षा फार जवळून बघावा लागतो.

त्याआधीचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. १९५७ ची फोरट्रान आकडेमोडीसाठी जन्मली. मजकुरासाठी स्वतंत्र प्रकार तिच्यात फोरट्रान ७७ मध्ये आला. कोबोलमध्ये मजकूर म्हणजे ठरावीक रुंदीचे रकाने. १९६३ ची ॲस्की, म्हणजे रोमन अक्षरांना आकडे नेमून देणारा संकेत, ७ बिटांची (बिट म्हणजे एक ० किंवा १), म्हणजे एकूण १२८ जागा. आणि १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत घडलेल्या सीनं ‘कॅर’ (कुणी ‘चार’ म्हणतं) नावाचा प्रकार दिला, जो प्रत्यक्षात एक बाइट, म्हणजे सहसा ८ बिट, होता. सीच्या मानकात आजही ‘कॅर’चा आकार १ असाच धरलेला आहे. अक्षर आणि बाइट म्हणजे एकच, ही समजूत तिथे पक्की झाली आणि सीच्या पोटी जन्मलेल्या भाषांनी ती वारशानं घेतली. इंग्रजीपुरती ती खरीच होती, म्हणून कुणाला खटकली नाही.

आमच्याकडे ती खटकली इस्कीमुळे. भारतीय लिप्यांसाठी तयार झालेला हा ८ बिटांचा संकेत १९८८ च्या आवृत्तीनंतर १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकानं भारतीय मानक म्हणून आला. खालच्या अर्ध्या भागात ॲस्की जशीच्या तशी, वरच्या अर्ध्या भागात ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांसाठी एक सामाईक मांडणी. कानपूरला सुरू झालेलं जिस्टचं काम पुढे पुण्यातल्या सरकारी संगणन संस्थेत वाढलं आणि कार्डाच्या रूपानं पीसीत शिरलं. इस्कीची मोठी गोष्ट ही की ती अक्षराचं रूप साठवत नव्हती, घडण साठवत होती. ‘ष्ट्र’ म्हणजे ष, हलन्त, ट, हलन्त, र. जोडाक्षर डोळ्यांना कसं दिसावं हे कार्डानं ठरवायचं. ‘महाराष्ट्र’ या शब्दाचे १० बाइट व्हायचे आणि सीचं लांबी मोजणारं फंक्शन, स्ट्रलेन, १० सांगायचं. हा विचार त्या काळाच्या मानानं फार पुढचा होता आणि त्याचं श्रेय त्याला पुरेसं मिळालेलं नाही असं मला वाटतं. पुढे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी आलेल्या युनिकोड या संकेतातली देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच उचललेली आहे.

या काळातली एक चूक मला आजही बाइटनिशी आठवते. एका पतसंस्थेच्या सभासद यादीत कोणत्या अक्षरानं किती नावं सुरू होतात ते मोजायचं होतं. २५६ घरांचा ॲरे (क्रमांक दिलेल्या घरांची ओळ) घेतला, नावाचा पहिला ‘कॅर’ हाच क्रमांक धरून त्या घरात एक मिळवत गेलो. रोमन नावांवर नीट चाललं. मराठी यादी लावली आणि मशीन जागच्या जागी गोठलं, रिसेट दाबण्यावाचून उपाय नाही. इस्कीत ‘क’चा संकेत १७९. पण टर्बो सीमध्ये साधा ‘कॅर’ चिन्हासहित असायचा, म्हणजे उणे १२८ ते १२७. तिथे १७९ चं उणे ७७ झालं. कदम, कांबळे, कुलकर्णी हे सगळे ॲरेच्या ७७ घरं मागे जाऊन दुसऱ्याच कुणाच्या मेमरीत एक-एक मिळवत होते, आणि डॉसमध्ये अडवणारं कुणी नव्हतं. ‘अनसाइन्ड’ (चिन्हाविना) हा एक शब्द घातला आणि काम झालं. सीच्या पुस्तकात ही ओळ होती, पण रोमन मजकुरात तिचा फटका कधी बसत नसल्यामुळे शिकवणाऱ्यानं तिच्यावर बोट ठेवलं नव्हतं.

त्याच सुमारास मुंबईत वर्षभर कोबोल केलं, इसवी सन २००० च्या दुरुस्त्यांसाठी. मेनफ्रेम या मोठ्या संगणकांवर ॲस्कीऐवजी एबसिडिक हा वेगळा संकेत. तिथे रोमन वर्णमालाही सलग नाही, आय आणि जे यांच्यामध्ये भोक आहे. अक्षरांचा क्रम ही निसर्गाची देणगी नसून कुणीतरी घेतलेला निर्णय असतो, हे त्या भोकानं पहिल्यांदा नीट पटवलं. इस्कीत आणि पुढे युनिकोडमध्येही ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसतो. आपण मात्र ‘ह ळ क्ष ज्ञ’ असं म्हणत मोठे झालो.

विंडोज आल्यावर कार्डाचा आधार सुटला आणि मराठी संगणकाचं सगळ्यात वाईट दशक सुरू झालं. फॉन्ट विकणाऱ्या प्रत्येक कंपनीनं आपापली मांडणी काढली. रोमन अक्षराच्या जागी अर्धा ‘ष’, दुसऱ्या चिन्हाच्या जागी नुसता काना, असा सगळा मामला. ‘किंमत’ लिहिताना पहिली वेलांटी ‘क’च्या आधी साठवायची, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. म्हणजे इस्कीनं जे शहाणपण कमावलं होतं ते गमावलं: घडण गेली, नुसतं रूप उरलं. अशा मजकुरावर कोणतीच भाषा काही करू शकत नव्हती. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये मी बिलांचे, पावत्यांचे, दाखल्यांचे कितीतरी प्रोग्रॅम केले. त्या भाषेच्या पोटात स्ट्रिंग, म्हणजे मजकूर धरणारा प्रकार, युनिकोडच होती, पण फॉर्मवरच्या चौकटी जुन्या कोडपेजच्या, म्हणजे युनिकोडआधीच्या संकेत-तक्त्यांच्या. खरा युनिकोड मजकूर चौकटीत टाकला की प्रश्नचिन्हांची रांग यायची. म्हणून सगळे पुन्हा फॉन्टकडेच वळले. त्या दशकात टाइप झालेला मजकूर आजही कार्यालयांच्या कपाटांतल्या सीड्यांवर आहे आणि तो वाचायला नेमका तोच फॉन्ट लागतो.

जावाकडे मी आशेनं गेलो. १९९६ च्या जानेवारीत आलेल्या पहिल्या आवृत्तीपासून तिचा ‘कॅर’ १६ बिटांचा होता. युनिकोडचा मूळ बेतही तोच: ६५,५३६ जागा, त्यात जगातल्या सगळ्या चालू लिप्या, एक अक्षर म्हणजे एक १६ बिटी आकडा. जावानं त्या वचनावर विश्वास ठेवला. त्याच वर्षी जुलैमध्ये युनिकोड २.० आलं आणि जागा ११ लाखांच्या पुढे गेल्या. ज्या चिन्हांचे आकडे १६ बिटांत मावत नाहीत त्यांच्यासाठी दोन ‘कॅर’ची जोडी लावायची ठरली. जावाचा हात अडकलेला होता, जावास्क्रिप्टचाही. देवनागरी पहिल्या ६५ हजारांतच असल्यानं आपलं काही बिघडलं नाही असं आम्ही म्हणत राहिलो. मग २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये मोडी लिपी आली, ती त्या हद्दीबाहेर. शिवकाळापासून पेशवाईपर्यंतचे आणि नंतरचेही कागद ज्या लिपीत आहेत, तिचं एक-एक अक्षर जावाला दोन-दोन ‘कॅर’चं दिसतं. ज्या डेटाबेसांत ‘यूटीएफ-८’ (युनिकोड साठवायची एक पद्धत, तिच्याबद्दल पुढे) नावाच्या रकान्यात जास्तीत जास्त ३ बाइटांचीच अक्षरं मावत, तिथे ४ बाइटांची मोडी शिरतच नव्हती.

इथे थोडं थांबून ‘कॅरेक्टर’ या शब्दाकडे बघायला हवं, कारण सगळा गुंता त्यातला आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला कधी वर्ण म्हणतात, कधी अक्षर, कधी चिन्ह. मराठी व्याकरणात यातले पहिले दोन स्पष्टपणे वेगळे आहेत. ‘म’ म्हणजे म् आणि अ: दोन वर्ण, एक अक्षर. युनिकोडमध्ये त्याला एक आकडा, म्हणजे एक कोड पॉइंट. ‘ती’ म्हणजे त् आणि ई: पुन्हा दोन वर्ण, एक अक्षर, पण कोड पॉइंट दोन. ‘ष्ट्र’ म्हणजे ष्, ट्, र् आणि अ: चार वर्ण, एक अक्षर, आणि कोड पॉइंट पाच, कारण दोन हलन्तही मोजले जातात. म्हणजे संगणकाचा कोड पॉइंट आपला वर्णही नाही आणि अक्षरही नाही. तो लिपीच्या यंत्रातला एक सुटा भाग आहे. भाषा शिकवणारी इंग्रजी पुस्तकं त्याला सरसकट ‘कॅरेक्टर’ म्हणतात आणि आपण त्याचं भाषांतर ‘अक्षर’ करतो, तिथेच पाय घसरतो.

कोड पॉइंट फायलीत साठवायचे कसे, हा वेगळाच प्रश्न. त्यावरचं सर्वांत चांगलं उत्तर, यूटीएफ-८, १९९२ च्या सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत दोन जणांनी जेवणाच्या टेबलावरच्या कागदावर मांडलं. ॲस्की एका बाइटात तशीच राहते, बाकी लिप्यांना २ ते ४ बाइट, देवनागरीला ३. इस्कीत १० बाइटांत बसणारा ‘महाराष्ट्र’ ३० बाइटांचा झाला. मराठीला तिप्पट जागा लागते ही तक्रार मी स्वतः कितीतरी वर्षं केली. आज करत नाही. जागा स्वस्त झाली. इस्की आणि फॉन्ट यांच्यात अडकलेला मजकूर सोडवणं मात्र कधीच स्वस्त झालं नाही.

पीएचपीला स्ट्रिंग म्हणजे बाइटच. एका दूध संघासाठी उत्पादकांना मराठीत एसएमएस पाठवायचं काम होतं: लिटर, फॅट, रक्कम. संदेश १६० अक्षरांच्या आत ठेवायचा असं सांगितलं होतं. साधं स्ट्रलेन तिप्पट आकडा देतं हे माहीत होतं म्हणून कोड पॉइंट मोजणारं मल्टिबाइटवालं फंक्शन वापरलं. ते ११०-१२० सांगायचं. महिनाअखेरीला बिल दुप्पट आलं. एसएमएसमध्ये एकूण १४० बाइट असतात. ७ बिटांच्या रोमन संकेतात त्यात १६० अक्षरं बसतात, पण देवनागरी आली की प्रत्येक कोड पॉइंटला २ बाइट, म्हणजे ७०. लांबला तर तुकड्यामागे ६७. माझा प्रत्येक संदेश दोन म्हणून मोजला जात होता. त्यानंतर ‘लांबी’ हा शब्द मी कोडमध्ये नुसता लिहीत नाही. बाइट-लांबी, कोड-लांबी की अक्षर-लांबी ते नावातच टाकतो, भाषा कोणतीही असो.

आता पायथनकडे. सगळ्यात मोठा वाद तिथे झाला आणि माझ्या मते सगळ्यात धाडसी निर्णयही तिथेच झाला.

पायथन १९९१ मध्ये बाहेर आली. २००० साली २.० मध्ये तिला दोन प्रकारच्या स्ट्रिंग मिळाल्या: जुनी, बाइटांची, आणि नवी, युनिकोडची, जिच्यापुढे ‘यू’ हे अक्षर लावायचं. जुन्या स्ट्रिंगला होडीची लांबी विचारली तर ४२, नवीला विचारली तर १४. इथवर ठीक होतं. घोळ असा की दोन्ही स्ट्रिंग एकमेकींना जोडता यायच्या. जोडताना पायथन गुपचूप बाइटांच्या स्ट्रिंगला ॲस्की समजून युनिकोड करून घ्यायची. मजकूर रोमन असेल तर काम चालून जायचं. मराठी असेल तर प्रोग्रॅम तिथेच पडायचा: युनिकोड डिकोड एरर, ॲस्की कोडेकला अमुक स्थानावरचा बाइट झेपत नाही. तो बाइटही बहुतेक वेळा एकच, २२४, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह २२४ नंच सुरू होतं. मराठी मजकुराशी पायथनमध्ये झटलेल्या माणसाला हा आकडा पाठ असतो.

हा दोष किती आत लपून राहायचा ते सांगायला हवं. एका कामात आम्ही अर्जदारांच्या यादीवरून पत्रं छापत होतो. चाचणीच्या यादीत सगळी नावं रोमन. महिनाभर सुरळीत चाललं. मग एका तालुक्यातून आलेल्या फायलीत, शेकडो नावांच्या मध्ये, कुणीतरी गावाचं नाव देवनागरीत टाकलं होतं. रात्रीच्या फेरीत प्रोग्रॅम त्या ओळीवर पडला. सकाळी तिथले क्लार्क फोनवर म्हणाले, “साहेब, फाइल तर उघडतेय, नावही दिसतंय, मग पत्रं अर्धीच का?” चूक त्या ओळीत नव्हती. चूक महिनाभरापूर्वी, दोन वेगळ्या जातीच्या स्ट्रिंग जिथे जोडल्या गेल्या तिथे होती, आणि रोमन नावांनी ती झाकून ठेवली होती. असे दोष शोधायला लागणारा वेळ कोणत्याही आकडेवारीत येत नाही. ज्यांची नावं ॲस्कीत बसतात त्यांना तो लागतच नाही.

२००८ च्या ३ डिसेंबरला पायथन ३.० आली आणि तिनं ही गुपचूप जोडणी बंद केली. स्ट्रिंग म्हणजे युनिकोड, बाइट म्हणजे बाइट. एकाचं दुसरं करायचं तर कोणत्या संकेतानं ते स्पष्ट लिहा, नाहीतर तिथल्या तिथे चूक दाखवली जाईल, मग मजकूर रोमन असो की मराठी. याची किंमत अशी की पायथन २ मधला जवळजवळ प्रत्येक मोठा प्रोग्रॅम मोडला.

विरोध जोरदार झाला आणि त्यातले काही मुद्दे वजनदार होते. युनिक्स या प्रणालीत फायलीचं नाव म्हणजे कोणतेही बाइट असू शकतात, ते युनिकोडच असतील याची हमी नाही. मग ती नावं स्ट्रिंगमध्ये धरायची कशी? यावर ३.१ मध्ये एक आडवाट काढावी लागली. नेटवर्कवरचे प्रोटोकॉल (देवाणघेवाणीचे नियम) बाइटांतच चालतात, तिथे काम करणाऱ्यांचं रोजचं लेखन जड झालं. बाइटांमध्ये टक्क्याच्या खुणेनं आकडे भरण्याची सोय ३.५ मध्ये परत द्यावी लागली. जुन्या आणि नव्या दोन्ही आवृत्त्यांवर चालणारा कोड लिहिणं सुरुवातीला फार अवघड होतं. काढून टाकलेलं ते ‘यू’ अक्षर २०१२ मध्ये ३.३ मध्ये पुन्हा स्वीकारलं गेलं, ते केवळ हा पूल सोपा व्हावा म्हणून. पायथन २.७ चा आधार आधी २०१५ मध्ये संपणार होता. २०१४ मध्ये ती मुदत २०२० पर्यंत वाढवली गेली. २०२० च्या १ जानेवारीला तो संपला. एका निर्णयाला पार पडायला अकरा वर्षं लागली.

‘एवढं सगळं कशासाठी?’ हा प्रश्न त्या वर्षांत सतत विचारला गेला. विचारणाऱ्यांचा मजकूर बहुतेक इंग्रजी होता. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर खरंच, चालणारा प्रोग्रॅम मोडला आणि बदल्यात दिसण्यासारखं काही मिळालं नाही. माझ्या बाजूनं पाहिलं तर पहिल्यांदाच एका मोठ्या भाषेनं सांगितलं की जी चूक मराठी मजकुरावर होणार आहे ती इंग्रजी मजकुरावरही दिसली पाहिजे. चाचणीत ‘नितिन’ रोमनमध्ये असला तरी प्रोग्रॅम पडायला हवा, म्हणजे तालुक्यातल्या त्या ओळीपर्यंत थांबावं लागत नाही. मी स्वतः एका जुन्या प्रणालीचं २ वरून ३ वर स्थलांतर केलं. चार महिने गेले. त्या चार महिन्यांत आधीपासून दबा धरून बसलेल्या ज्या चुका सापडल्या, त्यांतल्या बहुतेक अशाच जोडांच्या होत्या.

दुसरी वाट कशी दिसते तेही समोर आहे. पीएचपीनं ६ व्या आवृत्तीत सगळ्या स्ट्रिंग युनिकोड करायचा बेत आखला, आतून यूटीएफ-१६ वापरून. काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, २०१० मध्ये सोडून दिलं गेलं आणि २०१५ च्या डिसेंबरमध्ये थेट ७ वी आवृत्ती आली. युनिकोडपायी कुणाचा प्रोग्रॅम मोडला नाही. स्ट्रलेन आजही बाइटच मोजतं. रुबीनं तिसरी वाट धरली, प्रत्येक स्ट्रिंगच्या अंगावर तिच्या संकेताचं लेबल चिकटवलं. दोन्ही वाटांनी लाखो साइट्स चालतात, हे मान्य. पण मराठीचं ओझं मराठी लिहिणाऱ्यानंच वाहायचं, ही त्यातली मांडणी आहे आणि ती मला पटत नाही.

पायथन ३ ही आपल्या अक्षरापर्यंत पोचली नाही, हेही तितकंच खरं. तिच्या लेखी ‘महाराष्ट्र’ची लांबी १०. ‘नवजीवन’ उलटा करायला सांगितला, जो आपल्या लेखी उलटसुलट सारखाच आहे, तर ती ‘नवीजवन’ देते: वेलांटी ‘ज’वरून उतरून ‘व’वर जाऊन बसते. होडीचं वाक्य तिथेही पॅलिंड्रोम ठरत नाही.

पुढच्या भाषांनी वेगवेगळे पवित्रे घेतले. २००९ मध्ये जाहीर झालेली गो घडवणाऱ्या तिघांत यूटीएफ-८ मांडणारे ते दोघेही होते. तिच्यात लांबी विचारली की बाइट मिळतात, ४२; लूप लावला की कोड पॉइंट मिळतात, ज्यांना ती ‘रून’ म्हणते. ‘कॅरेक्टर’ हा शब्द टाळण्यासाठी नवा शब्द काढला, हे मला फार आवडलं. २०१४ ची स्विफ्ट सगळ्यांत पुढे गेली: तिच्यात स्ट्रिंगचा घटक म्हणजे डोळ्यांना दिसणारं अक्षर, युनिकोडच्या परिभाषेत ग्राफीम क्लस्टर. होडीला ७, आणि उलटं केल्यावर वाक्य तसंच्या तसं. रस्ट, जिची १.० आवृत्ती २०१५ च्या मे महिन्यात आली, ती ‘स्ट्रिंगमधलं पहिलं अक्षर दे’ हे विचारूच देत नाही. बाइट हवेत की कोड पॉइंट ते आधी सांगा; दिसणारी अक्षरं हवी असतील तर वेगळं पॅकेज आणा.

रस्टच्या अधिकृत पाठ्यपुस्तकात याच जागी ‘नमस्ते’ हा शब्द उदाहरण म्हणून घेतला आहे. १८ बाइट, ६ कोड पॉइंट, आणि अक्षरं चार: न, म, स्, ते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा देवनागरीला उदाहरणात जागा मिळाल्याचा आनंद झाला आणि लगेच आकडा खटकला. पहिलीतल्या मुलाला विचारा, तो न, म, स्ते अशी तीनच अक्षरं सांगेल. पण पुस्तकानं ही चूक स्वतःच्या मनानं केलेली नव्हती. ग्राफीमचा युनिकोडचा नियमच हलन्तापाशी तुकडा पाडत होता. ‘महाराष्ट्र’चे त्या नियमानं सहा तुकडे व्हायचे: म, हा, रा, ष्, ट्, र. मागे जाण्याची कळ दाबली की ‘ष्ट्र’चा चुरा का होतो, कॉलमच्या टोकाला जोडाक्षर कापलं का जातं, यांतलं बरंच या एका नियमाशी येऊन थांबायचं.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये युनिकोड १५.१ मध्ये हा नियम दुरुस्त झाला. देवनागरी, बंगाली, गुजराती अशा काही लिप्यांत व्यंजन, हलन्त, व्यंजन असा दुवा असेल तर मध्ये तोडायचं नाही. ‘नमस्ते’ तीन झाला, ‘महाराष्ट्र’ चार. जिथे नवा नियम पोचला आहे तिथे चार येतात, जुनी लायब्ररी असेल तर सहा. म्हणून हल्ली मी भाषेबरोबर तिच्यातल्या युनिकोडची आवृत्तीही बघतो.

मोजणी सुटली तरी समानता सुटलेली नाही, आणि माझा सध्याचा जास्त वेळ तिथे जातो. ‘सातबाऱ्यावर’ मधला ‘ऱ’ दोन प्रकारे साठवता येतो: एकच कोड पॉइंट, किंवा र आणि त्याखाली नुक्ता (टिंब). स्क्रीनवर फरक शून्य. युनिकोडनं हे दोन्ही सममूल्य धरले आहेत, त्यामुळे नॉर्मलायझेशनचं, म्हणजे सममूल्य रूपं एकसारखी करणारं, फंक्शन चालवलं की प्रश्न मिटतो. ‘ॲ’चं तसं नाही. मराठीसाठीचं हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत आलं. तोवर सगळे अ लिहून त्यावर चंद्र देत होते. नवा ‘ॲ’ आणि जुना ‘अॅ’ डोळ्यांना एकच, पण युनिकोडच्या नियमात त्यांचं काही नातं नाही, कोणतंही नॉर्मलायझेशन त्यांना एक करत नाही. वकिलांच्या एका यादीत ‘ॲड.’ शोधलं की निम्मे वकील सापडायचे. उरलेले ‘अॅड.’ होते.

म्हणून माझ्याकडे एक छोटी फाइल आहे. जुन्या ‘अॅ’चा नवा ‘ॲ’ करायचा, नुक्त्याचा ‘ऱ’ सरळ करायचा, शब्दाच्या शेवटी चुकून राहिलेला अदृश्य जोडक (अक्षरं जोडून दाखवायला सांगणारं न दिसणारं चिन्ह) काढायचा, अशा चाळीसेक ओळी. पहिल्यांदा ती जावात लिहिली, मग पीएचपीत, मग पायथन २ मध्ये, ३ मध्ये, गोमध्ये. भाषा बदलली की फाइल पुन्हा लिहितो. आतला तक्ता तोच राहतो. मागच्या महिन्यात ती रस्टमध्ये उतरवली, आणि तक्त्यात एक ओळ वाढवली: ‘सातबाऱ्या’तला तोच ‘ऱ’ काहीजण र, हलन्त आणि अदृश्य जोडक अशा तिसऱ्याच रीतीनं टाइप करतात, हे तोवर माझ्या नजरेतून सुटलेलं होतं.